मागचं डावं चाक

शर्यतीच्या गाड्यांची चाकं बदलतात त्या पिटमध्ये त्याला सगळे खात्री म्हणायचे. नाव चेष्टेत पडलं, पण अंगाला असं चिकटलं की रागात असली की बायकोही तेच वापरायची.

"खात्री! घर तिथेच आहे, उडून जात नाही!" ती जिन्याखालून ओरडायची. कारण हा कुलूप लावून चार पायऱ्या उतरला की परत वर. कुलूप ओढून बघायचं, उतरायचं, आणि मधेच थांबून विचार करायचा, आपण ओढलं ते आत्ताचं आठवतंय की कालचं?

"आत्ताचं," बायको म्हणायची. "काल तुम्ही गॅस बघायला गेला होतात."

धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. तिथे हा रोग गुण म्हणून खपून जायचा. लिफ्ट चालू झाली, वॉचमनने सुटकेचा श्वास टाकला, की हा म्हणणार, "एकदा वरपर्यंत जाऊन येतो." जाऊन आला की, "आता रिकामी पाठवून बघतो." वॉचमन शेवटी हात जोडायचा. "अहो मिस्त्री, म्हातारे जिन्यात बसलेत. आता त्यांना वर जाऊ द्या की!"

बसला तरी याचा एक पाय हलत असायचा. जेवताना चमचा, बोलताना किल्ल्यांचा जुडगा, काही नाही तर शर्टाचं बटण. सासूबाई लग्नाआधी त्याला बघायला आल्या होत्या, तेव्हाच मुलीच्या कानात म्हणाल्या होत्या, "मुलगा चांगला आहे गं, पण याला कुणीतरी बंद कर."

त्याला बंद करणारी एकच जागा जगात होती. निळ्या गाडीचं मागचं डावं चाक.

निळी गाडी मेव्हण्याची. मेव्हणा बायकोचा थोरला भाऊ, म्हणून हाही त्याला दादाच म्हणायचा. दादाचं गॅरेज होतं, आणि गॅरेजमधून जे काही उरायचं ते सगळं गाडी खायची. शर्यतीच्या रविवारी शहर रिकामं व्हायचं. अर्धं शहर निळ्यांचं, अर्धं पिवळ्यांचं. न्हावी गिऱ्हाइकाला आधी विचारायचा, "निळे की पिवळे?" आणि मगच वस्तरा गळ्याला लावायचा. लग्न झाल्यावर पहिल्याच रविवारी हा जावईबापू म्हणून पिटमध्ये खुर्चीवर बसला होता. चाकवाल्यांपैकी एकाचा पाय मुरगळला. दादाने इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "दाजी, तुम्हाला पाना धरता येतो ना? उठा."

तेव्हापासून तो तिथेच होता.

काम सांगायला सोपं. शर्यतीच्या मध्यावर गाडी ट्रॅक सोडून पिटमध्ये येते. दादा जॅकने उचलतो. चार चाकांवर चार माणसं. प्रत्येकाच्या हातात हवेवर चालणारी गन. चाकाला एकच मोठा नट. गन लावायची, टर्रर्र, नट सैल. जुनं चाक ओढायचं, नवं बसवायचं, पुन्हा गन, पुन्हा टर्रर्र, आणि नट आवळला गेला की गनचा आवाज जाड होतो, घोगरा. तो कानाने नाही, मनगटाने ऐकायचा. मग हात वर. चार हात वर दिसले की दादा जॅक सोडतो आणि गाडी सुटते.

एवढ्या वेळात त्याच्या डोक्यात काहीही नसायचं. कुलूप नाही, गॅस नाही. गाडी गेली की कान वाजायचे, आणि त्या शांततेत तो उभा राहायचा तेव्हा बायको वर प्रेक्षकांतून त्याच्याकडे बघायची. ती एकदा म्हणाली, "तेवढा वेळ तुम्ही कुणी दुसरेच दिसता. आवडतो मला तो माणूस."

या हंगामात मात्र शंका तिथेही घुसली होती. उन्हाळ्यातल्या शर्यतीत गाडी सुटल्यावर तो म्हणाला, "दादा, माझा नट... मला वाटतं..." दादाने गाडी परत बोलावली. नट पक्का होता. शर्यत गेली. दादा रागावला नाही, ते जास्त लागलं. नुसता खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, तुमचा मान घरी. पिटमध्ये तुम्ही म्हणजे मागचं डावं चाक. चाकाला वाटत नसतं. पुन्हा वाटलं, तर गन दुसऱ्याकडे जाईल."

हंगामाच्या शेवटच्या शर्यतीला निळे आणि पिवळे बरोबरीत होते. जो पुढे येईल, हंगाम त्याचा.

सकाळपासून त्याच्या हाताला थारा नव्हता. गन पुसली, पाइप तपासला, नट पुसून रांगेत मांडले, रांग मोडली, परत मांडली. पुढचं डावं चाक बघणारा भट्टीवाला पालथ्या डब्यावर बसून खात होता. आठवडाभर बेकरीची भट्टी सांभाळायचा, त्याला उकडत कधीच नसे.

"खात्री, त्या नटांना चक्कर येईल रे."

"तू खा."

"खातोच आहे. तूही खा. पोटात काही असलं की पाय हलायचा थांबतो."

तेवढ्यात गाडी चालवणारा आला. त्याला सगळे मास्तर म्हणायचे, कारण तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. आठवडाभर "हळू, हळू, ब्रेक, ब्रेक" म्हणून घसा बसलेला हा माणूस रविवारी त्या सगळ्याचं उट्टं काढायचा.

"मास्तर, आज कसं?" भट्टीवाल्याने विचारलं.

"आरशात बघून, इंडिकेटर देऊन," मास्तर म्हणाला आणि हेल्मेट घालून निघून गेला.

शर्यत सुरू झाली. अर्ध्यापर्यंत पिवळी पुढे, निळी तिच्या शेपटीला. मग पिवळी पिटमध्ये गेली, आणि पुढच्याच फेरीला मास्तर आत आला.

गाडी थांबली. उचलली गेली. टर्रर्र. जुनं चाक बाहेर, नवं आत. गन. हात वर. जॅक सुटला. गाडी धूर ओकत निघून गेली, आणि ट्रॅकवर पोचली ती पिवळीच्या पुढे!

पिटमध्ये एकच गलका उठला. चालकाला खुणेची फळी दाखवणारा लांब्या नाचायला लागला. भट्टीवाल्याने याला मिठी मारली. "काय हात चालला रे आज!"

हात.

खात्री मिठीतच गार पडला. हात वर गेला होता, ते त्याला आठवत होतं. पण आवाज जाड झाला होता का? मनगटाला काही आठवत नव्हतं. आठवत होतं ते वेगळंच. डोळ्यांच्या कडेला, पुढच्या चाकापाशी, भट्टीवाल्याचा हात वर गेला होता. तो गेला म्हणून याचा गेला. नट आवळला म्हणून नाही.

कुलपाची शंका त्याच्या ओळखीची होती. ती पोटात गुदगुल्या करत यायची. ही तशी नव्हती. ही हाडात बसली होती.

तो दादाजवळ गेला. दादाच्या कानावर हेडफोन, तोंडाशी माइक, मास्तरशी बोलणारा तो एकटाच.

"दादा, गाडी आत घ्या."

दादाने मान वळवली. "काय?"

"माझं चाक."

"सैल आहे?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? आहे की नाही?"

"माहीत नाही म्हणजे माहीत नाही, दादा. मी बघितलं नाही. हात आधीच..."

"दाजी!" दादाने माइकवर तळवा दाबला. आवाज खाली आणला, तो ओरडण्यापेक्षा वाईट होता. "आपण पुढे आहोत. किती वर्षांनी पुढे आहोत, माहितीये? तुम्ही पाणी प्या. बसा. तुमच्या पाया पडतो."

"मास्तरच्या गाडीचं चाक आहे ते."

"आणि माझा मास्तर आहे तो! सैल असतं तर त्याला कळलं असतं. स्टिअरिंग थरथरलं असतं. काही म्हणाला तो? नाही. बसा."

तो बसला नाही. भिंतीपाशी आला. गाडी समोरून गेली, निळा फटकारा आणि मागून आवाज. त्याने मागचं डावं चाक बघायचा प्रयत्न केला. एवढ्या वेगात चाक दिसत नाही, नुसतं गोल काहीतरी दिसतं. वर प्रेक्षकांत बायको उभी राहून ओढणी फिरवत होती. मास्तरची म्हातारी आई तिच्या शेजारी होती, निळी टोपी घालून. त्या टोपीकडे त्याला बघवेना.

लिफ्ट असती तर त्याने सरळ खटका ओढला असता. लोक अडकले तर अडकले, शिव्या घालतील, पण सुखरूप उतरतील. इथे खटका कुठे होता?

भिंतीला टेकून फळी होती. माइक बंद पडला तर चालकाला दाखवायची, एका बाजूला मोठा लाल बाण, आत ये. लांब्या दोन्ही हात कमरेवर ठेवून पिवळीला नावं ठेवत होता.

खात्रीने फळी उचलली.

"ए, ए, ती माझी..." लांब्या म्हणेपर्यंत तो भिंतीवर चढला होता. वळणावरून निळी गाडी आली. त्याने लाल बाण डोक्यावर धरला आणि असा हलवला की स्वतःच पडता पडता राहिला. मागे दादाची आरोळी उठली, पण मास्तर जन्माचा शिस्तीचा. बाण दिसला की वळायचं, हे तो रोज शिकवायचा. पुढची फेरी संपताना गाडी आत आली.

दादाने जॅक लावला तो दात आवळून. खात्री गुडघ्यावर बसला, गन आवळण्यावर लावली, दाबली.

घर्र. नट जागचा हलला नाही. केसभरही नाही.

पक्का होता.

"सोडा," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला.

दोन परगावच्या गाड्याही पुढे गेल्या, निळी गाडी चौथी आली. पिवळ्यांच्या बाजूला ढोल बडवल्यासारखे डबे वाजत होते. प्रेक्षक उठून चालले, निळी मंडळी मान खाली घालून. मास्तर हेल्मेट काढून गाडीला टेकला. त्याच्या आईने वरून हाक मारली, "आलास ना रे? जेवायला चल!" तिला चौथा-पहिला काही कळत नव्हतं.

दादा समोर येऊन उभा राहिला. बायकोही धावत खाली आली होती, पण भावाचं तोंड बघून दोन पावलं मागेच थांबली.

"गन," दादाने हात पुढे केला.

त्याने दिली. दादाने ती लांब्याकडे फेकली.

"आता सांगा. सगळ्यांसमोर सांगा. कुलूप लागलंय की नाही, हेच ना? ह्या रोगापायी..."

"दादा, तो रोग नाही हा," खात्री म्हणाला. पाय हलत नव्हता, हे बायकोच्याच लक्षात आलं. "नट आवळला गेला की हात वर करायचा. माझा हात तसा गेला नाही. समोर याचा हात वर गेलेला दिसला, म्हणून माझा गेला. नट पक्का निघाला, ते नशीब. उन्हाळ्यातही हेच झालं होतं. मला तेव्हा सांगता आलं नाही, कारण मलाच कळलं नव्हतं."

"वा! म्हणजे आता भट्टीवाल्याची चूक?"

"नाही, नाही. माझीच."

भट्टीवाला घाम पुसत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला घाम आलेला दिसत होता.

"दादा," तो म्हणाला, "माझाही जातो."

"काय जातो?"

"हात. मी याचा बघतो. याचा वर गेलेला दिसला की वाटतं, आपण मागे पडलो. की जातो वर. आवळता आवळताच जातो कधीकधी."

दादाने उजव्या बाजूच्या दोघांकडे बघितलं. एकाने टोपी काढून आत बघितलं, जणू उत्तर तिथे होतं. दुसरा म्हणाला, "एवढी तुम्ही घाई करता, दादा. हात खाली राहिला की तुमची नजर खायला उठते."

मास्तर गाडीपासून सरळ झाला. "थांबा जरा," तो म्हणाला. "म्हणजे मी इतकी वर्षं जी गाडी पळवतोय, तिची चाकं एकमेकांचं बघून लावलेली आहेत?"

दादा जॅकवर बसला. कान चोळले. मग उठला आणि कुणाकडेच न बघता ओरडला, "गाडी मागे घ्या! करून दाखवा पुन्हा. आत्ता. माना खाली. जो दुसऱ्याकडे बघेल त्याला मी बघतो. दाजी..." तो अडला. "घ्या गन. लांब्या, दे त्यांना."

लांब्याने गन पुढे केली. खात्रीचा हात निम्मा पुढे गेला. मग त्याने तो खिशात घातला.

"नको, दादा. डोक्याला कळून चुकलंय, हाताला अजून कळलेलं नाही. लांब्याला काही सवयच नाही. त्याला शिकवा."

"खात्री आहे?" भट्टीवाल्याने सवयीने चेष्टा केली, आणि स्वतःच ओशाळला.

"आहे."

बायको पुढे येऊन भिंतीशी त्याच्याजवळ उभी राहिली. त्याच्या खिशातला हात बाहेर काढून तिने आपल्या हातात धरला.

रिकाम्या पिटमध्ये मास्तर गाडी घेऊन आला. दादाने ती जॅकने उचलली. टर्रर्र, टर्रर्र. उजवीकडे एक हात वर. दुसरा. मग भट्टीवाल्याचा. लांब्या मागच्या डाव्या चाकाशी गुडघे मोडून बसला होता, मान खाली, जीभ दातांत. नट तिरका लागला होता, त्याने तो काढला, पुन्हा बसवला.

तीन हात वर. गाडी हवेत. दादाने तोंड उघडलं आणि मिटलं. जॅकच्या दांड्यावर त्याची बोटं पांढरी पडली. बायकोच्या मुठीत नवऱ्याचा हात वर जायला धडपडला. तिने तो सोडला नाही.

"असू दे," खात्री पुटपुटला, तिला की लांब्याला कोण जाणे. "वेळ लागू दे."

गनचा आवाज जाड झाला. लांब्याने तो नीट ऐकला, आणि मग हात वर केला.