सांगलीचं विरजण, फरीदाबादचं दही

दिल्लीत आर. के. पुरमच्या त्या दोन गल्ल्यांत मराठी घर ओळखायला दारावरची पाटी वाचावी लागत नसे. दही चाखलं की पुरे. तिथली सगळी मराठी दही एकाच आईची लेकरं होती, आणि ती आई गिरिजा सबनीसांच्या स्वयंपाकघरात, झाकणाला टवका उडालेल्या चिनी मातीच्या सटात राहायची.

हे विरजण गिरिजाच्या सासूबाईंनी, म्हणजे आक्कांनी, सांगलीहून आणलेलं. दही रेल्वेत टिकणार कसं? म्हणून त्यांनी धुतलेल्या पंच्याचा तुकडा दह्यात भिजवून सावलीत वाळवला, लुगड्याच्या घडीत दिल्लीला आणला आणि इथल्या कोमट दुधात बुडवला. पुढे गिरिजा मिरजेहून लग्न होऊन आली, तेव्हा आक्कांनी दागिन्यांच्या आधी तो सट तिच्या हातात दिला. "सांगलीचं आहे. जप, म्हणते मी." आक्कांचं प्रत्येक वाक्य "म्हणते मी"वर येऊन टेकायचं, जसं काही दुसरंच कोणीतरी म्हणेल अशी त्यांना धास्ती होती.

गिरिजाने जपलं. वर वाढवलंही. जाळीच्या दारातून "वहिनी, चमचाभर विरजण!" अशी हाक आली की ती वाटी पुढे करायची. हिवाळ्यात सट रजईत गुंडाळून पिठाच्या डब्यात झोपायचा आणि उन्हाळ्यात ओल्या फडक्यात बसायचा. नवरा पद्माकर मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. तो पहिला घास घेऊन फाइलवर शेरा मारावा तसा म्हणायचा, "सदरहू दही समाधानकारक आहे. मंजूर."

गिरिजा शाळेत जीवशास्त्र शिकवायची. उत्क्रांतीचा धडा आला की ती पुस्तक मिटायची. फळ्यावर एक मासा काढायची आणि दोन रांगांतल्या पहिल्या बाकांना सांगायची, "हा उतरवून घ्या." दुसऱ्या बाकाने पहिल्याचा मासा बघायचा, तिसऱ्याने दुसऱ्याचा. फळ्याकडे बघायचं नाही, शेजारच्या रांगेत तर मुळीच डोकवायचं नाही. शेवटच्या बाकापर्यंत पोचेतो एका रांगेतल्या माशाला पंख फुटलेले असायचे आणि दुसऱ्या रांगेतला थेट कोल्हापुरी चपलेसारखा दिसायचा.

"बोला, मासा कुणी मुद्दाम बदलला का?"

"नोऽऽ मैऽम!" सगळा वर्ग एका सुरात.

"मग बदलला कसा?"

सगळे एकमेकांच्या वह्यांत डोकवायचे. मग मागून एखादा उठायचा, "मैम, वो तो अपने आप हो गया."

"अपने आप!" गिरिजाचा चेहरा उजळायचा. "नक्कल कधीच हुबेहूब होत नाही. बारीकशी चूक राहते, ती पुढच्याकडे जाते, साठत जाते. आता समजा मी सांगितलं, शेपटी मोठी असेल तोच मासा पुढच्या बाकावर जाईल. मग?"

"सबकी पूँछ बड़ी, मैम!"

"ही निवड झाली. निसर्गात बाई नसते; थंडी असते, ऊन असतं, भूक असते. आणि दोन रांगा एकमेकींकडे बघत नाहीत, म्हणून दोन्हीकडे वेगळं काहीतरी तयार होतं." मग ती हळूच विचारायची, "आता सांगा, नेमक्या कोणत्या बाकावर मासा मासा राहिला नाही?" वर्ग आजवर भांडतोच आहे.

रविवारी तिच्याकडे बळवंत यायचा. हा औशाचा, करोल बागेजवळ गच्चीवरच्या खोलीत राहून यूपीएससीची तयारी करणारा, विषय प्राणिशास्त्र. जेवणाच्या आधी तो श्वास न घेता म्हणून दाखवायचा, "एकाच प्रजातीचे दोन गट डोंगर नदी किंवा समुद्रामुळे दुरावले की दोन्हींत वेगवेगळे बदल साठत जातात आणि पुन्हा भेटले तरी त्यांना एकमेकांपासून वंश पुढे नेणारी पिल्लं होत नाहीत तेव्हा नवी प्रजाती झाली असं म्हणतात मॅडम."

"पाठ झालं. समजलं का?"

"लई थोडं," बळवंत म्हणायचा आणि दह्याची वाटी जवळ ओढायचा. जाताना डबाभर विरजणही न्यायचा.

मग ते दिवस आले. जो तो सोसायटीचं बोलू लागला. कर्ज मिळतं, लिफ्ट आहे, केबल आहे, जनरेटर आहे, मारुती लावायला जागा आहे! गल्लीतली शालिनी भागवत यमुनेपलीकडे नोएडाला गेली. वीणा रिसबूड लग्न करून करोल बागेत खुरानांच्या घरी गेली. संध्याकाळी गल्लीत एकाच वेळी चार घरांतून येणारा फोडणीचा वास आधी तीन घरांचा झाला, मग दोन. पद्माकर निवृत्त झाला, क्वार्टर सोडायची वेळ आली आणि सबनीस फरीदाबादच्या नव्या फ्लॅटमध्ये आले. त्या फ्लॅटच्या भिंती अजून ओल्या होत्या आणि समोर मोहरीचं शेत होतं.

नव्या घरात आधी दूध उतू जाऊ द्यायचं, ही रीत. आक्का पाटावर बसून डोळे मिटून पुटपुटत होत्या. गिरिजा खाली ट्रकवाल्याशी भांडायला गेलेली. वीज गेलेली. पद्माकरला पातेल्यातलं दूध फार कमी वाटलं. ते उतू जाणार कसं? अंधारात हाताला सट लागला. त्याने झाकण काढलं, आत पांढरं काहीतरी होतं. "साय दिसते," म्हणून त्याने तो अख्खा पातेल्यात पालथा केला.

गिरिजा वर आली तेव्हा गॅसवर हिरवट पाण्यात पांढऱ्या गुठळ्या नाचत होत्या.

"हे काय?"

"दूध... नासलं बहुतेक," पद्माकर म्हणाला. मग त्याची नजर रिकाम्या सटाकडे गेली. "गिरिजा, माझ्या हातून एक प्रशासकीय चूक झाली आहे."

वायरिंग बघायला आलेला हरियाणवी मिस्त्री दारातूनच ओरडला, "कोई बात ना माताजी, पनीर बणा लो!"

आक्कांनी डोळे उघडले. पातेल्याकडे बघितलं. "वास्तूने दूध नासवलं. आपल्याला घेतलं नाही घराने, म्हणते मी."

दात गेल्यापासून आक्कांचं जेवण म्हणजे दहीभात. दुसऱ्या दिवशी गिरिजाने बाजारचं दही आणलं. आक्कांनी जिभेला लावलं. "कुणाचं हे?"

"बाजारचं."

"मग बाजाराला घाल."

वाटी सरकली ती सरकलीच. चहात भिजवलेलं बिस्किट, एवढ्यावर आक्का राहू लागल्या. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, काही आजार नाही, यांना खायला घाला. खायला घाला! गिरिजाला तेवढंच तर जमत नव्हतं.

तिने आधी एसटीडी बूथवरून सांगलीला जावेला फोन लावला. "आपलं विरजण आहे ना अजून?" तिकडून खो-खो हसू आलं. "अगं गिरिजा, कोण लावत बसतंय आता! आम्ही पिशवीचंच आणतो."

म्हणजे मूळ झाड सुकलेलं, आता फांद्या शोधायच्या. शाळा सुटली की चार्टर्ड बसने परत जाण्याऐवजी ती एकेक घर गाठू लागली.

करोल बागेत वीणाने तिला आत ओढलं. "अरे वहिनी, आओ ना! तुमचंच आहे, टेन्शन नका घेऊ. आमच्या बीजींना, म्हणजे सासूबाईंना, म्हशीच्या दुधाचंच लागतं, मातीच्या कुंड्यात लावते. बघा, चमचा खडा राहतो, एकदम बढ़िया!" चमचा खरंच उभा राहिला. आक्कांनी चाखलं. "लस्सीचं आहे. छान आहे. आपलं नव्हे."

नोएडात शालिनी म्हणाली, "आमच्याकडे ना, दही लागलं रे लागलं की लगेच फ्रिजमध्ये. आंबट झालं की मुलं ना, तोंडच नाही लावत." आक्कांनी ते जिभेवर थोडा वेळ ठेवलं. "शहाणं पोर आहे. पण बोलतच नाही, म्हणते मी."

मग बळवंत आपला डबा घेऊन फरीदाबादला आला. झाकण उघडताच फस्स झालं. "पत्र्याखाली खोली आहे मॅडम, काय करणार. सकाळी लावलं की दुपारी उड्या मारतंय." आक्कांनी एक चमचा घेतला, एक डोळा मिटला, मग दुसरा. "ह्याने परीक्षाच द्यावी. दही लावू नये."

ओट्यावर तीन वाट्या. गिरिजा त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

बळवंत मागे घुटमळला. "मॅडम, हा तर आपलाच चॅप्टर झाला. मधे यमुना, मधे रिंग रोड. तीन गट दुरावले. ह्या तीन नव्या प्रजाती म्हणायच्या का?"

"घाई करू नकोस. फार तर वाण म्हण. दही म्हणजे काही एक जीव नव्हे, बॅक्टेरियांची पंगत आहे. वीणाच्या कुंड्यात एक मंडळी पुढे बसली, तुझ्या पत्र्याखाली उकाडा सोसणारी वरचढ ठरली, शालिनीच्या फ्रिजात सगळीच निजली. हवेतून चार पाहुणेही घुसले असतील. शिवाय तुझी ती पिल्लांची व्याख्या इथे लावणार कशी? ह्यांच्यात लग्नच होत नाही, एकाचे दोन तुकडे होतात आणि झालं. पण वाट तीच. ताटातूट झाली, बदल साठले, आणि ज्या जागी जे टिकतं ते राहिलं. ह्यांच्या पिढ्या झरझर जातात म्हणून आपल्याला दिसलं. चिमण्यांचं, माशांचं बघायला लाखो वर्षं बसावं लागतं."

"मग ह्यातलं खरं सांगलीचं कोणतं?"

गिरिजा उत्तर द्यायला वळली आणि तिला वर्ग आठवला. शेवटच्या बाकावरचा खरा मासा कोणता, असं वर्गात कुणी विचारलं असतं तर ती किती हसली असती! आणि तिचा स्वतःचा सट? रजई, पिठाचा डबा, दिल्लीची थंडी, डेअरीच्या बूथवरचं दूध... तोही मागचाच बाक होता. ती मात्र त्याला इतकी वर्षं फळा समजत आली होती.

ती आक्कांच्या पायाशी जाऊन बसली. "आक्का, सांगलीचं आता मिळायचं नाही. माझ्याजवळ होतं तेही सांगलीचं राहिलं नसेल."

आक्का खिडकीतून मोहरीकडे बघत होत्या. "राहिलं नव्हतंच."

"म्हणजे?"

"दिल्लीला आले ती ऐन थंडी. पंच्याचा तुकडा दुधात बुडवला, दूध चुलीशी ठेवलं. लागलं ते बुळबुळीत, कडसर. मी पदर तोंडाला लावून रडले. हे म्हणाले, काय झालं? म्हटलं, दही परकं आहे. किती महिने जेवण गेलं नाही मला. मग कधीतरी जायला लागलं. त्याला इथलं पाणी लागलं का मला, कोण जाणे."

"आणि मला म्हणालात, सांगलीचं आहे, जप!"

"नवी सून तू. दिल्लीचं म्हटलं असतं तर जपलं असतंस?" आक्कांच्या बोळक्यात हसू मावेना. "सांगलीचं म्हटलं म्हणून पिठाच्या डब्यात निजवलंस, म्हणते मी."

गिरिजा हसली, मग तिला रडू आलं, मग पुन्हा हसू. डोळे पुसून ती उठली, सट घासला, फरीदाबादच्या दुधात तिन्ही वाट्यांतलं चमचा-चमचा घातलं आणि झाकण ठेवलं.

पहिल्या दिवशीचं दही भयंकर होतं. बळवंतचं उकळी फुटल्यासारखं वर आलं आणि शालिनीचं तळाशी पाणी होऊन बसलं. पद्माकरने शेरा मारला, "प्रकरण विचाराधीन." पण गिरिजा रोज त्यातलंच चमचाभर घेऊन पुढचं लावत राहिली. सट कधी खिडकीत, कधी पंख्याखाली. रोज ती वाटी आक्कांसमोर यायची, आक्का जीभ लावायच्या आणि मान हलवायच्या. पण एक फरक पडला होता. आता त्या वाटीची वाट बघायच्या. "आज काय म्हणतंय ते?" असं विचारायच्या, जसं एखादं नाठाळ पोर शाळेतून आलं आहे.

मोहरी कापली गेली तेव्हा एका दुपारी त्यांनी वाटी धरली ती सोडलीच नाही. दुसरा चमचा घेतला. तिसरा. जिभेने टाळू चाचपत बसल्या.

"सांगलीचं नव्हे," आक्का म्हणाल्या. "आर. के. पुरमचंही नव्हे." मग वाटी पुढे केली. "भात आहे का? मऊ कर. आणि मीठ जरा हात राखून, म्हणते मी."

त्या रविवारी वीणा आणि शालिनी नवं घर बघायला आल्या. जेवताना वीणाने बोट चाटलं. "वहिनी, हे काय भारी आहे यार! आमचं बीजींनी गरम दुधात घातलं, मरून गेलं. मला हे द्या."

"मला पण ना," शालिनी म्हणाली.

गिरिजाने दोन स्टीलचे डबे काढले. पद्माकर लगबगीने उठला, "आण, मी भरतो."

आतल्या खोलीतून आक्कांचा खणखणीत आवाज आला, "पद्या! सटाला हात लावशील तर बघ, म्हणते मी!"