निदानात शॉर्टफॉर्म चालत नाही

मारुंजीच्या ऑफिसात मी कानाला हेडफोन लावून परदेशातल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकते आणि टाइप करते. कंपनीनं औषधाला दिलेलं नाव कॅपिटलनं सुरू करायचं, मूळ औषधाचं स्मॉलनं. ब्लडप्रेशरला बीपी चालतं, तपासणीत बाकीचे शॉर्टफॉर्मही खपतात. निदानाच्या जागी मात्र नाही. तिथे आजाराचं नाव पूर्णच लिहायचं. या नियमावरून मी नव्या मुलींशी हमरीतुमरीवर येते. काय झालंय ते माणसाला धड कळायला नको?

मग आईचीच फाइल हातात आली. पिंपरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी निदानापुढे दोनच अक्षरं लिहिली होती, सी कॅपिटल, ए स्मॉल. आमच्याकडे कॅन्सर असाच लिहितात, वाचून पेशंटनं धसका घेऊ नये म्हणून. मी औषधांच्या रांगेत उभी होते. फाइल मिटून छातीशी धरली.

बाबा चाकणच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आले, तेव्हा त्यांना मोरीपाशी गाठून सांगितलं. नळ तसाच चालू ठेवून ते म्हणाले, "तिला यातलं काय बी कळता कामा न्हाई. गाठ हाय, औषधानं विरघळंल, येवढंच सांगायचं." आमच्यात हीच रीत. सगळ्या भावकीला आजार ठाऊक असतो, फक्त ज्याला झालाय त्याला सोडून. ही रीत माझ्या डोक्यात जाते. पण बाबा धुतलेलेच हात नळाखाली पुन्हा पुन्हा धूत होते. मी त्यांना शब्द दिला.

आई ऐकून घेणारी नव्हती. पुढच्या खेपेला दवाखान्याच्या बाकावर तिनं फाइल उघडली आणि त्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं.

"परक्या देशातल्या बायांचं समदं वाचतीस. माझं वाचतानाच मिठाची गुळणी का धरलीस?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. पूर्ण शब्द सांगितला. कुठवर पसरलंय तेही सांगितलं. तिनं बोट उचललं नाही. समोर माणसं पाणी पीत होती, त्यांच्याकडे बघत बसली. मग माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"शपथ घे. तुज्या बापाला सांगायचं न्हाई. त्यास्नी गाठच वाटू दे. न्हाई झेपायचं त्यास्नी."

बाबांना माहीत आहे, हे ओठांपर्यंत आलं होतं. पण त्यांना दिलेला शब्द होता, आणि आता ही शपथ.

त्यानंतर दापोडीच्या आमच्या दोन खोल्यांत गाठ हा एकच शब्द उरला. बाबा म्हणायचे, "दिवाळीपर्यंत विरघळंल गं." ती म्हणायची, "व्हय की, आत्ताच कमी वाटतीया." मग बाबा मोरीत नळ सोडून रडायचे, आई तोंडावर पांघरूण ओढून. मला फार वाटायचं, दोघांना समोरासमोर बसवावं आणि ओरडून सांगावं, एकदाचे एकमेकांजवळ रडा. नाही सांगितलं.

आई दिवाळीआधीच गेली. दहावा करून घाटावरून परतलो, तेव्हा बाबा माझ्याशेजारी येऊन टेकले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा जरा सैल दिसत होता.

"एक बरं झालं बघ," ते म्हणाले. "शेवटपर्यंत तिला काय कळलं न्हाई. तिच्यासमोर लई निभावलं आपण."

मी म्हटलं, "हो बाबा. नाही कळलं."