आतोबांची गरी

आमच्या आतोबांइतका भांडकुदळ माणूस मालवणच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतकी माणसे एका दोराला लावणाराही दुसरा झाला नाही. या दोन गोष्टी एकाच देहात कशा नांदत होत्या, हे त्यांच्याबरोबर इतकी वर्षे काढूनही मला नीटसे कळलेले नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. उभा जन्म मासेमारीत गेलेला, अंगावर मांस बेताचेच, पण आवाज असा की खाडीच्या अलीकडून त्यांनी हाक मारली की पलीकडच्या वाडीतली कुत्री उठून बसत. सकाळी उठले की ते पहिल्यांदा समुद्राशी भांडत. दारात उभे राहून, कमरेवर हात ठेवून, "काल खंय गेल्लंस रे? बांगडो खंय दडवन ठेवलंस?" अशी त्याची हजेरी घेत. मग रेडिओवर हवामानाचा अंदाज लागला की त्या बिचाऱ्या निवेदिकेला, "तुका कोणी सांगल्यान गो?" म्हणून विचारत. जेवायला बसले की पाळी आत्याची. "तिरफळां किती घातलंस गो?" "चाखून बघा." "चाखलंय म्हणान तर इचारतंय!" आणि एवढे झाल्यावर कढीची वाटी पुन्हा पुढे करत.

दुसरी माणसे मैत्री जपतात तशी आतोबा भांडणे जपत. त्यांतले सगळ्यांत लाडके भांडण पलीकडच्या वाडीतल्या भाईंशी. कधी काळी दोघांच्या रापणी, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची मोठी जाळी, एकमेकींत अडकल्या आणि एक दोर तुटला. तो कोणी तोडला यावर दोघांचे एकमत झाले नाही आणि बोलणे बंद झाले. पण बोलणे बंद म्हणजे येणे-जाणे बंद असे आतोबांना मान्य नव्हते. आठवड्यातून एकदा ते होडी वल्हवत पलीकडे जात, भाईंच्या पडवीत बसत, वहिनींनी दिलेला चहा पीत, दोघेही समोरच्या माडांकडे बघत राहत आणि मग आतोबा उठून परत येत. मी एकदा विचारले, "बोलायचेच नाही तर जाता कशाला?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "मी बोलनंय नाय, ता तेका कळाक नको?"

या माणसाला शांत बघायचे असेल तर उन्हे कलल्यावर खाडीच्या तोंडाशी जायचे. तिथे एका काळ्या खडकावर आतोबा गरी टाकून बसलेले असत. पन्नाशीनंतर दम्याने त्यांना समुद्रावरच्या होडीवरून उतरवले तेव्हापासूनचा हा रिवाज. हातात नुसता दोरा आणि टोकाला गळ, त्याला आम्ही गरी म्हणतो. मासा लागला तर बरे, न लागला तरी त्यांना चाले. कितीदा तरी चांगला हातभर तांबोसा त्यांनी काढला, त्याच्याशी दोन शब्द बोलले आणि परत पाण्यात सोडला. आत्या कपाळावर हात मारून घेई. "माका मासो नको गो," ते म्हणत, "माका ती ओढ व्हयी. दोरो हातात हुळहुळता ना, तेवां माका वाटता मी अजून दर्यात आसंय." दिवसभरात भांडणाशिवाय बोललेले त्यांचे हे एवढेच वाक्य असायचे.

साधारण दोन हजार सालाच्या आसपास आमच्या खाडीचे मासे आटू लागले. कारण काही गूढ नव्हते. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, चुलीला आधार खाडीचाच. नेमकी त्याच दिवसांत गाभोळी धरलेली मासळी खाडीच्या तोंडातून आत शिरते, आणि नेमकी त्याच तोंडावर खाडीकाठच्या पाचही वाड्यांची बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची, जाळी आडवी लागलेली. पुण्याहून एका संस्थेची मुलगी आली, तिने शाळेत सगळ्यांना बोलावून चित्रे लावून हे समजावले. पटले सगळ्यांना. पावसाचे दिवस तोंड मोकळे सोडायचे, यावर पाचही वाड्यांनी मान डोलावली, खाडी राखण मंडळ म्हणून नाव ठेवले, आणि मी हायस्कूलचा मास्तर म्हणून मला चिटणीस केले. फक्त प्रश्न एवढाच होता की पहिले जाळे कोणी काढायचे. प्रत्येक वाडीला खात्री होती की आपण जाळे काढले की शेजारची वाडी तिथे स्वतःचे लावणार. शाळेच्या बाकांवर बसून ही चर्चा सुरू झाली की तिसऱ्या वाक्याला कोणाचा तरी आजोबा निघायचा आणि सभा संपायची.

तेव्हा आतोबांनी मंडळाची सूत्रे हातात घेतली. म्हणजे कोणी दिली नाहीत, त्यांनी घेतली. "शाळेत बसलेलो माणूस भांडता," ते म्हणाले, "आणि दोर ओढतलो माणूस आयकता. सभा रापणीर." रापणीचा आमच्याकडे एक जुना रिवाज आहे. जाळे होडीने पाण्यात अर्धगोल टाकून त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून ओढायचे असतात, आणि जो कोणी दोराला हात लावील त्याला वाटा मिळतो. मग तो मालक असो, वाटसरू असो की जावई. त्या उन्हाळ्यात मंडळाच्या साऱ्या सभा वाळूत, दोर ओढता ओढता झाल्या. एका दोरावर दोन वाड्या, दुसऱ्यावर तीन, आणि मधे आतोबा दम लागत असतानाही ओरडत. भांडायला तोंड उघडावे तर हातातला दोर सुटतो, म्हणून माणसे नाइलाजाने एकमेकांचे ऐकून घेऊ लागली. पुण्याची मुलगीही ओढायला लागली. पहिल्या दिवशी तिच्या ओंजळीत तिच्या वाट्याचे बांगडे पडले तेव्हा तिने हळूच सांगितले की ती शाकाहारी आहे. "खाव नको," आतोबा गरजले, "पण वाटो घेवकच व्हयो! वाटो घेतल्याशिवाय तू आमची कशी?" पुढे ती वर्षभर आपला वाटा आत्याकडे आणून देत असे.

पाचांपैकी चार वाड्या अशा वळल्या. अडून बसली ती भाईंची. भाई दोराला हात लावत, वाटाही घेत, पण हो म्हणत नसत. सह्यांच्या कागदावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि खरे सांगायचे तर कोणाचाच नव्हता. एक वाडी बाहेर राहिली असती तर बाकीच्या चार पहिल्याच सरीला पुन्हा तोंडावर जाळी घेऊन उभ्या राहिल्या असत्या, हे शेंबड्या पोरालाही कळत होते. शेवटी ठरले, राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणे घालायचे. खाडीच्या काठावर त्याचा चिऱ्यांचा चौथरा आहे. तिथे देवाला साक्षी ठेवून बोललेला शब्द कोणी मागे घेत नाही.

मे महिन्याचे ऊन, पाचही वाड्या जमलेल्या. गाऱ्हाणे घालणाऱ्या गावकरांचा नेमका घसा बसलेला, म्हणून नारळ आतोबांच्या हातात आला. "बा देवा राखणदारा म्हाराजा, आज तुझी पाचय वाड्यांची लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी साथ दिली, भाई सोडून. "पावसाच्या दिसांत खाडीच्या तोंडार जो कोण जाळी लावीत, तेका तू बघ, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" भाई गप्पच. झाले, आतोबांचे रक्त तापले. भाईंच्या मनातली एकेक पळवाट ते नाव घेऊन बुजवू लागले. दिवसा लावीत, रातचो लावीत. होडयेतसून टाकीत, काठार उभो रवान टाकीत. पाग टाकीत, कांडाळ लावीत. प्रत्येक वेळी आतोबा थांबत, भाईंकडे बघत, आणि भाई आभाळाकडे. शेवटी भाईंनी, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, आतोबांना उद्देशून तोंड उघडले.

"आणि गरी?"

सगळ्यांच्या माना आतोबांकडे वळल्या. तोंडावर गरी टाकून बसणारा माणूस पाच वाड्यांत एकच होता. दुसरा कोणी असता तर हसून पुढे गेला असता, पण भांडणात मागे हटणे आतोबांना ठाऊक नव्हते. नारळ वर उचलून ते ओरडले, "गरी सुद्धा! पावसात सुद्धा, उन्हात सुद्धा! ह्या तोंडार जो गरी टाकीत तेकाय तूच बघ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" भाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. त्यांच्यामागून त्यांची सगळी वाडी ओरडली, आणि नारळ फुटला.

आपण काय बोललो हे आतोबांच्या लक्षात घराच्या वाटेवर आले. जाळ्यांची बंदी पावसापुरती होती, गरीची मात्र बारमाही. आत्या पुढे चालत होती. वळून न बघता म्हणाली, "देवाकडे गेल्लास ता गावाचा मागूक, नि सोताचा दिवन इलास." तिचा आवाज ओला होता.

दुसऱ्या दिवशी मी म्हटले, देवाची क्षमा मागू. पुण्याच्या मुलीने सांगितले की एका गळाने खाडीचे काहीच बिघडत नाही. संध्याकाळी खुद्द भाई होडी घेऊन आले. अंगणात उभे राहून म्हणाले, "मी मस्करीन म्हटलंय रे. उद्या कौल लावया. देव तुका सोडवीत."

"देव सोडवीत," आतोबा म्हणाले. "पण माझी गरी सुटली काय सगळ्यांची जाळी सुटली. पयली तुझी."

मग एवढ्या वर्षांनी बोलणे सुरू झालेच आहे तर वाया कशाला घालवा, म्हणून दोघे त्या तुटलेल्या दोरावरून दिवेलागणीपर्यंत कडाडून भांडले.

त्या पावसाळ्यात घरोघर सुक्या माशांवर भागवणे चालले होते आणि कुरकुर वाढत होती. आतोबा रोज संध्याकाळी छत्री घेऊन त्याच खडकावर बसत, रिकाम्या हातांनी. एकदा आमच्याच वाडीतला एक जण काखेत पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, दडवून तोंडाकडे आला. मी मागेच होतो. आता खडकावरून तोफ सुटणार म्हणून मी कानांवर हात ठेवण्याच्या बेतात होतो. पण आतोबा नुसते म्हणाले, "बस रे." तो बसला. समोर पाण्यात भरतीबरोबर मासळी आत शिरत होती, पाठी चमकत होत्या. "तो बघ तांबोसो," आतोबा म्हणाले. थोड्या वेळाने तो माणूस उठला आणि पाग तसाच कोरडा घेऊन घरी गेला. आतोबा ओरडले नाहीत, ही त्या पावसाळ्यातली पाचही वाड्यांची सगळ्यांत मोठी बातमी ठरली.

एकाचे दोन, दोनाचे चार पावसाळे झाले. नारळी पौर्णिमेनंतर खाडीत पुन्हा मासे मिळू लागले, मंडळाने पुढे वाळूवाल्यांच्या होड्या परत पाठवल्या, कासवांची अंडी राखली, बाहेरगावची माणसे बघायला आली. आतोबा त्यांच्याशीही भांडले. संध्याकाळी मात्र खडक चुकला नाही. एकदा मी शेजारी जाऊन बसलो. त्यांच्या उजव्या हाताची बोटे आपोआप हलत होती, दोरा चाचपल्यासारखी. मला राहवले नाही. "आतोबा, पश्चात्ताप होतो?"

"होता तर," ते म्हणाले. "रोज सांजेक होता. म्हणान तर रोज येतंय. मी हंय रिकामो बसलेलो दिसलंय, काय दुसऱ्याक जाळी घालूक लाज वाटता."

दमा वाढत गेला आणि एका हिवाळ्यात आतोबा गेले. त्यानंतरचा पावसाळा आम्हा मंडळवाल्यांना धास्तीचाच होता. आषाढात एका संध्याकाळी मी खाडीवर गेलो तर खडकावर छत्री दिसली. जवळ गेलो. भाई होते. गुडघे धरलेले, होडीतून उतरायला दोघांचा हात लागत असे, असा माणूस मांडीवर रिकामे हात ठेवून भरतीकडे बघत बसला होता.

"भाई, तुम्ही कशाला आलात एवढ्या पावसात?" मी म्हटले.

"कोणीतरी बसाक व्हया मरे," ते पाण्यावरची नजर न काढता म्हणाले. "गरी माका कधी येवकच नाय. बसाक तरी येता."

मी छत्री मिटली आणि त्यांच्या छत्रीत सरकून बसलो. अंधार पडेपर्यंत तोंडावर कोणी आले नाही.