होडीवर चढलेली गोधडी

आता हे कुठल्या तोंडाने सांगू? सांगतोच, कारण आमच्या घिवली या मच्छीमार गावात तसंही सगळ्यांना माहीत आहे.

आठवीनंतर शाळा सुटली आणि मी बोईसरला शर्ट शिवायच्या कंपनीत हेल्पर लागलो. धागे कापायचं काम. जेवणाच्या सुट्टीत मात्र मशीनवर हात बसवला. तो इतका बसला की ताईला मुलगी झाली तेव्हा मी घरात जाहीर केलं, बारशाला पाळण्यातली गोधडी मामाच शिवणार.

मी एरवी घरात जेवायलासुद्धा हळू आवाजात मागतो. त्यामुळे आईला वाटलं, मला ताप आला.

बेत साधा होता. तळहाताएवढे चौकोनी तुकडे कापायचे, नऊ जोडून एक मोठा चौकोन करायचा आणि असे नऊ चौकोन एकमेकांना जोडायचे. पण कंपनीतून मिळालेल्या चिंध्या कसल्या? सगळ्या पांढऱ्या आणि फिकट निळ्या. बाळाची गोधडी अशी दवाखान्यातल्या चादरीसारखी करायची का?

मग माळ्यावर एक पिशवी सापडली. आत कोरं कापड, लालभडक, पिवळं, हिरवं, नीट घडी घातलेलं. मला वाटलं, ताईच्या परकराचं उरलं असेल. विचारावं, तर रंगांची गंमत आधीच कळली असती. आणि खरं सांगू? विचारायची लाजही वाटली. घेतली कात्री.

काय बसले हो ते चौकोन! मध्ये लाल, कोपऱ्यांना पिवळा, उरलेल्या जागी हिरवा, आणि जोडावर जोड असा की सुईच्या टोकाचाही फरक नाही. आत आईची जुनी साडी घातली, वरून टाके मारले.

बारशाला बायका बाळापेक्षा गोधडीच जास्त बघत होत्या. कुणी टाके मोजले, कुणी उलटून पाहिली. मी दाराशी उभा, मान खाली, पण छाती फुगलेली.

तेवढ्यात बाबा पाळण्याशी आले. वाकले. बोटाने एक लाल चौकोन चाचपला.

"हेमू," ते शांतपणे म्हणाले, "हा आपला बावटा हाय."

आमच्याकडे प्रत्येक होडीचा बावटा वेगळा. लांबून रंग ओळखूनच आई टोपली घेऊन किनाऱ्यावर जाते. बाबांनी नारळी पौर्णिमेसाठी नव्या बावट्याचं हे कापड आणून ठेवलं होतं आणि पौर्णिमा दुसऱ्या दिवशी सकाळी! जुना उन्हाने विटून केव्हाच फाटला होता. बिनबावट्याची होडी पूजेला लावायची म्हणजे बाबांची मान खाली.

मग ताईनेच बाळाला उचललं आणि खालची गोधडी ओढून बाबांच्या हातात दिली.

"रंग तेच हायत ना? मग हीच लावा. पण परत आणा, ती मामानं दिलेली हाय."

झालं! सकाळी सगळ्या होड्यांचे बावटे फडफडत होते. आमचा? आत साडी, वर टाके, तो कसला फडफडतोय! काठीला लोंबकळत होता. शेजारच्या होडीवरच्या काकांनी ओरडून विचारलं, "काय रे, पोरीचं दुपटं वाळत घातलंस काय?"

सगळा किनारा हसला. मी आईच्या मागे लपायला गेलो, तर बाबांनीच दंड धरून पुढे ओढलं.

"हसा, हसा. पण जोड बघा जवळून. माझ्या पोरानं शिवलाय."

आयुष्यात पहिल्यांदा बाबा माझ्याबद्दल चारचौघांत मोठ्याने बोलले. काकांनीही जवळ येऊन पाहिलं आणि मान डोलावली.

गोधडी धुऊन पाळण्यात परत गेली. नंतर बाबांनी नवं कापड माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, बावटा आता तूच शिव. आठ दिवस कंपनीतून रोज लवकर सुटून मी जीव ओतून शिवला. इतका मन लावून, की गोधडीच्या सवयीने आत अस्तर घालून वरून टाकेही मारले.

तोही फडकत नाही. पण एवढा उबदार बावटा अख्ख्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाचा असेल, तर दाखवा.