आकड्याच्या रकान्यात मालती

भुताखेतांच्या गोष्टी मला कोणी सांगू लागलं की मी उठून जातो. तीस वर्षं प्रोग्रामिंग केलंय. काही विचित्र घडलं की आधी कोड बघतो. हे लिहितोय तेही कोड बघून झाल्यावरच.

हुबळीत विद्यानगरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. एकटाच. मालतीला — माझ्या बायकोला — शुगर होती. तिचे रोजचे आकडे टिपायला मी पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटा प्रोग्राम करून दिला होता. पायथॉनमध्ये रकान्यात काय येणार ते आधी ठरवावं लागत नाही; आकडा द्या, वाक्य द्या, घेतं बापडं. झालं... बाईसाहेब आकड्याच्या जागी लिहायच्या, "दुर्गदबैलच्या बाजारात गेले होते, मोजली नाही." "मिरची भजी खाल्ली. ओरडू नका." सरासरी काढताना प्रोग्राम बंद पडायचा. मी चिडलो की म्हणायची, "माणसानं लिहिलंय हो, समजून घ्या की."

ती गेली. वर्षभराने मलाही शुगर निघाली. तोच प्रोग्राम मी रस्ट या दुसऱ्या, कडक भाषेत नव्याने लिहिला. तिथे आधीच जाहीर करावं लागतं — इथे आकडाच. वाक्य आत शिरूच शकत नाही. जुन्या नोंदी नव्यात घेताना जे आकडा नव्हतं त्याचं शून्य केलं आणि मूळ फाईल पुसली. सवयीने. तिचं सगळं बोलणं मी शून्य करून टाकलं, हे दोन दिवसांनी लक्षात आलं. फार रडलो.

मागच्या महिन्यात, दुपारी तीनची वेळ. सकाळपासून पोटात काही नव्हतं. एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा येतो. शुगर मोजली, ६४ — कमीच. तेच टाकलं. पडद्यावरच्या यादीत त्या ओळीवर ६४ ऐवजी आलं — "आधी जेवून घ्या की."

असं तिने कधीच लिहिलं नव्हतं. ती स्वतःच्याच शुगरचं लिहायची.

खालच्या मजल्यावरचा गिरीश, तोही प्रोग्रामर, त्याला बोलावलं. त्यानेही वाचलं. "जुना डेटा कुठंतरी राहिला असेल बघा, अंकल." फाईल उघडली, तर तिथे ६४. आम्ही कोडची ओळ न् ओळ तपासली. वाक्य ठेवायला जागाच नाही. "हे शक्यच नाही," म्हणाला, आणि खाली जाऊन माझ्यासाठी सार-भात घेऊन आला.

तेव्हापासून रोज त्या रकान्यात लिहून बघतो — "जेवलो." प्रोग्राम घेत नाही. आकडा द्या म्हणतो. ते बंधन काढायला मला पाच मिनिटं लागतील. पण काढलं, तर कुठलंही वाक्य आत शिरेल; मग पुढचं वाक्य तिचंच, हे मला कसं कळणार?

ते कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. पुन्हा काही आलेलं नाही.