आतोबा आणि घसरलेले रकाने

आमच्या आतोबांइतका सरळ माणूस अख्ख्या इंदुरात झाला नाही, असं मी छातीठोकपणे सांगतो. हे स्वभावाबद्दल नाही. स्वभावाने ते चांगलेच तिरके होते. पण ओळ म्हटली की ती सरळच हवी. आमच्या घरी आले की दाराबाहेरच्या चपला आधी रांगेत लावायचे, मग आत यायचे. लग्नाची पत्रिका हातात पडली की मुलगा कुणाचा, मुलगी कुणाची हे राहू द्या, दोन्हीकडचे समास सारखे आहेत का ते बघायचे. एका मुंजीच्या पंगतीत समोरच्या रांगेतले एक जाडजूड गृहस्थ जरा पुढे सरकलेले दिसले, तर हातातला घास ठेवून आतोबा उठले आणि म्हणाले, "भाईसाहब, ज़रा पीछे." गृहस्थांना वाटलं, वाढपी येतोय. बिचारे ताकभातापर्यंत तसेच मागे सरकून, हात लांब करकरून जेवले. जिलबीवर तर आतोबांचा खास राग. खायचे मात्र भरपूर.

हे सगळं गिरणीतून आलेलं. परदेशीपुऱ्याकडच्या एका कापडगिरणीत ते पगारपत्रकं छापायचे. रुंद कागदावर खरखरत चालणारा प्रिंटर आणि त्यातली सगळी अक्षरं एकाच रुंदीची. बारीकसा 'आय' असो की पसरट 'डब्ल्यू', जागा सारखीच. त्यामुळे रकाने कसे ओळंबा लावल्यासारखे एकाखाली एक उतरायचे. आतोबांना त्यात भलताच मोठा अर्थ दिसायचा. "देख," ते मला म्हणायचे, "मॅनेजर असो का बुनकर, कागदावर जागा बराबर. बाहेर असं कुठे आहे, भिया?"

मग गिरणी बंद पडली. कुणी ऑटो घेतली, कुणी राजवाड्याजवळ पोह्यांची गाडी लावली. आतोबा घरात बसून आत्याचे डाळीतांदळाचे डबे उंचीप्रमाणे लावत राहिले. तिला हिंग सापडेना, त्यांना काम मिळेना. शेवटी तिनेच त्यांना ओळखीच्या एका मराठी मंडळाच्या वधूवर सूचक विभागात नेऊन बसवलं. म्हणाली, "इथली मुलंमुली लावा काय लावायच्या त्या ओळीत. माझे डबे सोडा."

तिथे ते रमले. जुना कंप्युटर, जुना प्रिंटर, आणि सूची इंग्रजीत, कारण मशीनला मराठी येत नव्हतं. नाव, शिक्षण, नोकरी, उंची, अपेक्षा. शेवटच्या रकान्यात जागा बेताची, म्हणून आतोबा लोकांच्या अपेक्षाही बेताच्या करायचे. सुंदर, सुगरण, सुशिक्षित, मोठ्यांचा मान राखणारी अशी माळ कुणी लावली की म्हणायचे, जागा नाही, एकच गुण सांगा. एका वरपित्याने घाम पुसत, बराच विचार करून 'टॉल' सांगितलं.

स्वतःच्या लेकीचं, नंदाचं, नावही त्यांनीच घातलं आणि अपेक्षेत तिला न विचारता 'ओन्ली इंदूर' छापलं. एकुलती एक मुलगी, रविवारी जेवायला येईल इतक्या अंतरावर असावी, एवढंच त्यांचं म्हणणं. नंदा कंप्युटरचा कोर्स करून पुण्या-बेंगळुरूच्या नोकऱ्यांच्या जाहिराती कापून ठेवत होती. हे आतोबा सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मंडळाच्या वधूवर मेळाव्याच्या आदल्या दिवशी आतोबा एका लग्नाला जवळच्या बेटम्याला गेले. नेमका तेव्हाच कंप्युटरचा दुकानवाला मंडळात येऊन सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घालून गेला, आणि सेक्रेटरींनी उत्साहाने सूच्या छापून टाकल्या. नव्या आवृत्तीत अक्षर जरासं मोठं झालं होतं. जरासंच, पण ओळ कागदावर मावेना. उंची आणि अपेक्षा हे शेवटचे दोन रकाने खाली घसरले आणि पुढच्या नावाच्या डोक्यावर जाऊन बसले. प्रत्येकाला आधीच्याची उंची, आधीच्याच्या अपेक्षा.

आतोबा बेटम्याच्या बसमधून उतरून थेट हॉलमध्ये आले, तेव्हा एक बाई पाच फुटी मुलाकडे त्याच्या सहा फुटांची चौकशी करत होत्या. एका पोक्त विधुर मास्तरांना 'अंडर ट्वेंटी-फाइव्ह' मुलगी हवी असल्याचं निघालं होतं. मास्तर खुलासा करायची अजिबात घाई करत नव्हते. अक्षर मोठं आलंय, वाचायला सोपं, असं सेक्रेटरी सांगू लागले. आतोबांनी सूचीवर एक नजर टाकली, सेक्रेटरींच्या हातातला माइक घेतला आणि पहिल्या नावापासून दुरुस्त्या वाचायला सुरुवात केली.

हॉल हसत होता, पेनं चालत होती, मास्तर खट्टू झाले होते. वाचता वाचता आतोबा नंदाच्या नावाशी आले. तिच्यावर आधीच्या मुलीचं 'एनी सिटी' चढलं होतं. नंदा कोपऱ्यातल्या टेबलामागे चहा ओतत होती.

"नंदा," आतोबा माइकवर म्हणाले, "इथे एनी सिटी छापलंय. ते चूक आहे, तिथे..."

"ते बरोबर आहे, बाबा."

आवाज चढवला नव्हता तिने. किटली तेवढी खाली ठेवली होती. आत्या माझ्या शेजारी बसली होती. तिने माझं मनगट घट्ट धरलं. आतोबांनी चष्म्यावरून लेकीकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. चुकलेला रकाना तसाच सोडणं या माणसाला उभ्या जन्मात जमलेलं नव्हतं. माइकमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"पुढचं नाव," ते म्हणाले. पुढच्या मुलीवर 'ओन्ली इंदूर' येऊन बसलं होतं. ते खोडा, असं त्यांनी सांगितलं. लोकांनी मुकाट्याने खोडलं.

दुकानवाल्याकडून त्यांनी अक्षर पुन्हा पूर्वीच्या मापाचं करून घेतलं, ते सांगायला नकोच. नंदाला पुण्याचं स्थळ आलं, तिथेच नोकरीही लागली. लग्नानंतर आत्या आणि आतोबा तिच्याकडे राहून आले, तेव्हा मी मुद्दाम भेटायला गेलो. आत्या जावयाचं कौतुक सांगत होती.  पुणं कसं वाटलं, म्हणून मीच आतोबांना विचारलं.

"गाव चांगलं आहे," ते म्हणाले. त्यांनी समोरच्या कपबश्या एका ओळीत लावल्या. मग म्हणाले, "दूर है, बस."