संध्याकाळी उडवलेला मेल

उदगीरला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. निम्म्या गिऱ्हाइकांकडे ईमेल नसतो, म्हणून त्यांच्या फॉर्मवर मी बिनदिक्कत माझाच टाकते. खातं सुरू करायचे त्यांचे मेल मग माझ्याकडे येतात. ज्याचा असेल तो येऊन विचारतो. संध्याकाळपर्यंत कुणीच विचारलं नाही तर मी तो न उघडताच उडवते. दिवसभर मेल येत राहतात, त्यात माझा एकही नसतो.

लग्न जुळवायच्या एका साइटवर मात्र एका ईमेलला एकच खातं चालतं. तिथे पोरींना मी नवे ईमेल काढून देते. परवा दुपारी शटर अर्धं ओढून मी तिथे स्वतःचीच माहिती भरली. बेचाळिसाव्या वर्षी! लाज वाटली, पण एकटीनं जेवायचा मला आता खरंच वीट आलाय.

मेल काही येईना. गिऱ्हाइकांना सांगते ते सगळं केलं. दहा मिनिटं थांबले, स्पॅम पाहिलं, पत्ता पुन्हा वाचला. शेवटी पासवर्ड विसरल्याचं बटण दाबलं, तर म्हणे या ईमेलवर आधीच एक खातं आहे, ते कधी सुरूच केलं नाही, लिंक पुन्हा पाठवू का? माझ्या ईमेलवर कोण बसलंय, म्हणून चिडूनच 'हो' दाबलं.

मेल लगेच आला. नाव माझंच होतं. वय एकतीस. संपर्काला आप्पांचा जुना नंबर.

तेव्हा आप्पा माझ्याजवळ राहायचे. रोज दुकान बंद करताना विचारायचे, "काही मेल आलाय का गं बाई?" मी हसायचे, "आप्पा, तुम्हाला कोण मेल करतंय?" लेकीला सांगायचा संकोच, म्हणून दुसऱ्या कुणाकडून फॉर्म भरून घेतला असणार, आणि ईमेल दिला आमच्या दुकानाच्या पाटीवरचा. तो मेल मीच एका संध्याकाळी उडवला.

आप्पा आता नांदेडला भावाकडे असतात. मी फोन लावला.

"आप्पा, तो मेल आला."

पलीकडे त्यांनी कुणाला तरी टीव्ही बंद करायला सांगितला.

"लई येळ लावला की गं त्यानं," ते म्हणाले. "आता काय करायचं ऱ्हातंय?"

"नुसतं एक बटण दाबायचं."

"मंग दाब की. मी हाय फोनवर."